पाणी किती दिवस मारायचं?

वाईच्या अलीकडचं एक बांधकाम. एप्रिलमधली दुपार, सकाळीच स्लॅब टाकलेला. मुकादमानं टॉवेलानं मान पुसली आणि आर्किटेक्टना विचारलं, "साहेब, पाणी किती दिवस मारायचं?"

"सात दिवस. नेहमीसारखं."

उत्तर तत्काळ आलं आणि चुकीचं आलं.

शेजारी रिकाम्या गोण्यांचा ढीग होता आणि प्रत्येक गोणीवर पीपीसी छापलेलं होतं. म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट. सात दिवसांचा आकडा साध्या ओपीसी सिमेंटचा. राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला आयएस ४५६ ही संहिता किमान दहा दिवस सांगते, आणि ते चौदापर्यंत वाढवावेत अशी शिफारसही करते. वाईच्या एप्रिलमध्ये तर चौदाच धरावेत. ही संहिता २००० सालची आहे. हे आर्किटेक्ट पंचेचाळिशीचे, नाव असलेले, कामात प्रामाणिक. पण सिमेंटबद्दलचं त्यांचं शिक्षण पदवीच्या परीक्षेबरोबर संपलं. मीही याच व्यवसायातला, आणि मीही बरीच वर्षं सातच सांगत होतो. मला कोणी टोकलं नाही, परीक्षा घेतली नाही, परवाना अडवला नाही. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

राखेच्या सिमेंटला जास्त दिवस का लागतात? सिमेंटला पाणी लागलं की त्यातून चुना सुटतो. राख त्या चुन्याशी हळूहळू जुळते आणि काँक्रीटमधली बारीक भोकं बुजवत जाते. काम सावकाश चालतं, आणि पाणी असेपर्यंतच चालतं. आठव्या दिवशी स्लॅब वाळू दिला, तर राखेचं काम अर्ध्यावर थांबतं. गोणीत भरलेला गुण स्लॅबमध्ये उतरत नाही. आपल्या जुन्या वाड्यांचे गवंडी हे रसायन हातानं जाणत होते. चुन्यात भाजक्या विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळायची आणि मग भिंतीला घाई करायची नाही. शतकं टिकलेलं हे ज्ञान आपण गोणीवर छापून घेतलं आणि साइटवर हरवलं.

*

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बांधकामातली जवळपास प्रत्येक वस्तू बदलली. नदीची वाळू जाऊन क्रश सँड आली. लाल वीट मागे पडली, राखेची वीट आणि एएसीचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे, ब्लॉक आले. आतल्या गिलाव्याची जागा जिप्समनं घेतली. लाकडी झडपांची खिडकी जाऊन अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी आली. आर्किटेक्टच्या डोक्यातला साहित्याचा धडा मात्र तोच राहिला.

वाळूचंच बघा. नदीतला कण वाहून वाहून गोल झालेला असतो. तो काँक्रीटमध्ये सहज सरकतो. क्रशरमधून निघालेला बेसाल्टचा कण कोनेदार असतो आणि सोबत दगडाची भुकटी घेऊन येतो. त्यामुळे काँक्रीट घट्ट होतं, फावड्याला जड लागतं. मग मिक्सरवरचा माणूस काय करतो? बादलीभर पाणी ओततो. त्याला दोष देऊ नका. त्याच्या हाताला जे कळलं ते त्यानं केलं. ते जादा पाणी पुढे उडून जातं आणि काँक्रीटमध्ये भोकं ठेवून जातं. त्याच भोकांतून हवा आणि ओल लोखंडापर्यंत पोचते. दहा-बारा वर्षांनी स्लॅबचे पोपडे पडतात तेव्हा त्या बादलीची आठवण कोणालाच नसते.

यावर उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. धुतलेली, नीट प्रतवारीची क्रश सँड घ्यायची. पातळपणा हवा असेल तर पाण्याऐवजी मोजून रसायन घालायचं. आधी थोडं काँक्रीट कालवून बघायचं, आणि मिक्सरपाशी काँक्रीटचा पातळपणा मोजणारा स्लम्पचा शंकू ठेवायचा. खडी-वाळूच्या आयएस ३८३ या संहितेनं २०१६च्या आवृत्तीत कृत्रिम वाळूला आणि पाडकामाच्या मलब्यातून काढलेल्या खडीलाही जागा दिली. आमच्या व्यवसायातल्या कित्येक निविदांमध्ये मात्र आजही "स्वच्छ, नदीची वाळू" हेच वाक्य असतं. एका कामाचा कागद दुसऱ्या कामाला जोडला जातो आणि साइटवर नसलेल्या वाळूसाठी नियम लिहिले जातात. साइटवर असलेल्या वाळूसाठी कोणीच काही लिहीत नाही.

एएसी ब्लॉकची गोष्ट तर घराघरात दिसते. नव्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या उन्हाळ्यात कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर उभी भेग येते. घरमालक फोन करतो. लांबी भरून, रंग मारून दिला जातो. तिसऱ्या उन्हाळ्यात भेग परत येते. कारण साधं आहे. काँक्रीट आणि एएसी या दोन वस्तू वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. सांध्यावर जाळी हवी, लांब-उंच भिंतीत मध्ये काँक्रीटची पट्टी हवी, आणि तुळईखालचा शेवटचा थर घाईनं ठोकून बसवायचा नाही. त्यात आणखी एक खोल रुतलेली सवय आहे. लाल वीट वापरण्याआधी पाण्यात चांगली भिजवायची, हे गवंड्याच्या अंगात भिनलेलं आहे आणि विटेसाठी ते बरोबरच आहे. तोच हात एएसीचा ब्लॉक पिंपात बुडवतो. ब्लॉक पाणी पितो, भिंतीत गेल्यावर वाळतो आणि आकसतो. ब्लॉकचा पृष्ठभाग जेमतेम ओला करायचा असतो, एवढं एक वाक्य त्या गवंड्याला कोणी सांगितलेलं नसतं. सांगायचं कोणी? ज्यानं नकाशावर एएसी लिहिलं त्यानं.

आणि खिडकी. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ घराच्या चटई क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावं, असं २०१८च्या इको निवास संहितेत आहे. दोन पाटांची सरकती खिडकी कितीही मोठी केली तरी उघडते अर्धीच. म्हणजे नकाशात दिसणाऱ्या वाऱ्यातला निम्मा वारा घरात कधीच येणार नसतो. मग एसी लागतो. हे गणित करायला पाच मिनिटं पुरतात. पण ते करायचं असतं हे माहीत हवं.

*

शिकण्याची ही जागा रिकामी राहिली, आणि ती विक्रेत्यांनी भरली.

आज पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात नवीन बांधकाम साहित्याबद्दल आर्किटेक्टला जी माहिती मिळते, तिचा मोठा भाग हॉटेलच्या सभागृहात मिळतो. संध्याकाळी सात वाजता चाळीस मिनिटांचं सादरीकरण, मग नमुन्यांची पेटी, मग जेवण. मी अशा कितीतरी संध्याकाळी बसलो आहे. बोलणारे पुष्कळदा हुशार इंजिनियर असतात आणि त्यांना आपला माल आतून-बाहेरून ठाऊक असतो. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. पण साहित्याचा पहिला धडा असतो "हे कुठे वापरू नका", आणि तो धडा विकणारा माणूस देऊ शकत नाही. त्याचा पगार त्या वाक्याच्या विरुद्ध बाजूला आहे.

अमेरिकेत आर्किटेक्टांच्या संस्थेची, एआयएची, सभासदाला दरवर्षी १८ तासांच्या शिक्षणाची अट आहे. त्यातले १२ तास लोकांचं आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण याच विषयांचे असावे लागतात. तिथेही वर्ग घेणाऱ्यांत कंपन्या पुष्कळ आहेत. पण मोजणीत धरल्या जाणाऱ्या वेळात स्वतःच्या मालाचा प्रचार करायला मनाई आहे. वस्तूच्या जातीबद्दल शिकवा, तुमचा छाप नंतर दाखवा. ही रेषा तरी त्यांनी आखली आहे. आपल्याकडे तीही नाही.

विकणाऱ्याच्या कागदावर विसंबलं की काय होतं, हे लंडननं पाहिलं. १४ जून २०१७च्या पहाटे ग्रेनफेल टॉवर पेटला आणि ७२ माणसं गेली. इमारतीच्या जुन्या काँक्रीटवर नव्यानं एक देखणं आवरण चढवलं होतं. अ‍ॅल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये पॉलिथिलीन, म्हणजे पेट घेणारं प्लास्टिक. सप्टेंबर २०२४मध्ये चौकशीचा अंतिम अहवाल आला. साहित्य बनवणाऱ्यांनी चाचण्यांबाबत बाजाराची दिशाभूल केली, हे त्यानं स्पष्ट म्हटलं. पण तो तिथे थांबला नाही. ज्या आर्किटेक्टांनी ते आवरण नकाशावर लिहिलं, त्यांना ते पेटतं हे ओळखता आलं नाही, आणि जबाबदारीचा फार मोठा वाटा त्यांचाही आहे, असंही त्यानं म्हटलं. आगीनंतर २०२२मध्ये ब्रिटननं इमारत सुरक्षेचा कायदा केला, नोंदणी मंडळाला आर्किटेक्टांचं शिक्षण तपासण्याचा अधिकार दिला, आणि २०२४पासून तिथे दरवर्षी शिकल्याची नोंद दाखवणं सक्तीचं झालं. व्यवसायसंस्था रीबा तर आपल्या सभासदांकडून वर्षाला ३५ तास आधीपासून मागते.

आपल्या शहरांतही तसंच आवरण दुकानांवर, दवाखान्यांवर, शोरूमवर चढतं आहे. त्याच्या पोटात प्लास्टिक आहे की न पेटणारा खनिजाचा गाभा आहे, हे नकाशावर लिहिलेलं मला क्वचित दिसतं. तिथे फक्त रंगाचा क्रमांक असतो.

*

आता आपला कायदा. आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट, १९७२. यादीत नाव टिकवायचं तर त्याच्या सत्ताविसाव्या कलमानुसार नूतनीकरणाचं शुल्क भरायचं. ते कलम शुल्काबद्दल बोलतं, शिकण्याबद्दल बोलत नाही. याच महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. डॉक्टरची चूक एका रोग्याला भोवते, म्हणून ही अट योग्यच आहे. सत्तर कुटुंबांच्या इमारतीतली चूक सत्तर कुटुंबांना, पन्नास वर्षं भोवते.

मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याचा अर्थ सांगितला. हा कायदा "आर्किटेक्ट" ही उपाधी राखतो. इमारतींचं डिझाइन करण्याचं काम तो फक्त आर्किटेक्टांपुरतं राखून ठेवत नाही. व्यवसायात यावर बरीच खळबळ झाली. मला त्यात एक सरळ गोष्ट दिसली. कायद्यानं आमच्याकडे एकच शब्द ठेवला आहे. मग त्या शब्दाला वजन द्यायचं तर ते ज्ञानानंच द्यावं लागेल. ज्याला पीपीसी आणि ओपीसी यांत फरक करता येत नाही, त्याच्या नावामागे तो शब्द असून घरमालकाला काय मिळालं?

यावर नेहमी एक उत्तर येतं. "ते स्ट्रक्चरल इंजिनियर बघतो." बघतो, हिशोब त्याचाच असतो. पण कोकणातली एक गोष्ट सांगतो. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एक घर उभं राहत होतं. इंजिनियरच्या नकाशात कव्हर, म्हणजे लोखंडावरचा काँक्रीटचा थर, ४५ मिलिमीटर लिहिला होता. आयएस ४५६मध्ये किनाऱ्याच्या हवेला तेवढाच सांगितला आहे. आर्किटेक्टला छज्जा बारीक, सुरीच्या पात्यासारखा हवा होता. त्यानं कडेची जाडी कमी केली. इंजिनियर त्या दिवशी साइटवर नव्हता. मुकादमानं लोखंड बसवलं, कव्हर ब्लॉक संपले म्हणून खाली खडीचे तुकडे ठेवले, आणि थर २० मिलिमीटरही उरला नाही. खारी हवा तेवढा थर काही वर्षांत पार करते. लोखंड गंजलं की मूळच्या कितीतरी पट फुगतं आणि काँक्रीटला आतून फोडतं. त्या छज्ज्याची रेघ कागदावर फारच सुंदर होती. ती रेघ ओढणाऱ्या हाताला क्षार म्हणजे काय हे माहीत असतं, तर त्यानं दुसरी सुंदर रेघ शोधली असती.

*

आता किल्लारीबद्दल, कारण साहित्याचं अज्ञान आपल्या राज्यात सर्वांत मोठ्या किमतीला तिथे पडलं.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. गणपती बुडवून माणसं झोपली होती. धरणी हलली आणि लातूर-उस्मानाबादची दगडी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो गेले. त्यानंतर गावागावात एकच वाक्य पसरलं: दगडानं मारलं. लोकांनी दगडाचा इतका धसका घेतला की कित्येक जण पुढे काही काळ पत्र्याच्या आडोशाला झोपत. तो धसका मी समजू शकतो. ते वाक्य तांत्रिक माणसांनीही उचललं, हे मला आजही समजत नाही.

मारलं ते दगडाला दगड न बांधलेल्या भिंतीनं. त्या भिंती चांगल्या जाड, पण आतून दोन वेगळ्या. बाहेरची एक ओळ, आतली एक ओळ, मध्ये दगडगोट्यांची भर आणि मातीचा गारा. दोन ओळींना एकमेकींत अडकवणारा, भिंतीच्या पूर्ण जाडीचा आडवा दगड घातलेलाच नव्हता. वर माळवद, वर्षानुवर्षं मातीचे थर चढून जडशीळ झालेलं. हादरा बसला, दोन ओळी सुट्या झाल्या, फुगल्या, आणि छत खाली आलं.

मातीत बांधलेल्या दगडी घरांसाठीची आयएस १३८२८ ही संहिता १९९३चीच. ती सांगते: उंचीच्या दर ६० सेंटिमीटरला आरपार दगड घाला, आणि आडव्या दिशेला दोन आरपार दगडांतलं अंतर १.२ मीटरच्या वर जाऊ देऊ नका. एवढा साधा नियम. त्याला पोलाद लागत नाही, कारखाना लागत नाही. एक लांब दगड लागतो आणि तो का घालायचा हे जाणणारा माणूस लागतो. भूकंपानंतर जुन्या भिंतींत भोक पाडून, त्यात सळई ठेवून काँक्रीट भरायचं आणि आरपार दगडाचं काम त्याच्याकडून करून घ्यायचं, ही पद्धत मराठवाड्यात शिकवलीही गेली. ती शिकलेले गवंडी आज साठीच्या पुढे असतील. त्यांच्याकडून ती शिकून घेणारे आर्किटेक्ट किती, हा प्रश्न मला टोचतो. कारण मराठवाड्यातली जुनी दगडी घरं अजून उभी आहेत, त्यांत माणसं राहतात, आणि दुरुस्तीला बोलावलेला आर्किटेक्ट बहुतेक वेळा एकच सल्ला देतो: पाडा.

*

म्हणून आर्किटेक्टला शिकत राहण्याची सक्ती हवी. पण सक्ती झाली की हजेरीपत्रक येतं, आणि हजेरीपत्रकावर सही करून लोक चहाला जातात. हे मी पाहिलं आहे आणि याचंच मला भय आहे. तासांचा आकडा महत्त्वाचा आहे. तास कुठे घालवले हे त्याहून महत्त्वाचं.

माझ्या मते निम्मे तास साइटवर जावेत. हातात थापी घेऊन एएसीची भिंत रचावी, चुना भिजवावा, पाण्याच्या तीन वेगवेगळ्या प्रमाणांचे काँक्रीटचे ठोकळे भरून अठ्ठावीस दिवसांनी ते फोडून बघावेत. कमी पाण्याचा ठोकळा यंत्राखाली किती वेळ तग धरतो, हे एकदा डोळ्यांनी बघितलेला माणूस आयुष्यात पुन्हा बादलीकडे दुर्लक्ष करणार नाही.

शिकवणाऱ्यांत गवंडी असावा, आणि त्याला प्राध्यापकाएवढंच मानधन मिळावं. कोकणातल्या जांभ्याचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागून घट्ट होतो. किती दिवस ठेवायचा, कोणत्या खाणीचा कुठे लावायचा, कोणत्या पृष्ठभागाला गिलावा न करता नुसत्या दरजा भरायच्या, हे सांगणारी माणसं राजापूर-देवगडकडे आजही काम करतात. त्यांच्या शेजारी तीन दिवस बसणं हे कोणत्याही सादरीकरणापेक्षा मोठं शिक्षण आहे.

तासांतला एक ठरावीक भाग स्वतःच्याच जुन्या इमारतींना द्यावा. पाच पावसाळे झाल्यावर परत जावं, ओल कुठे आली, भेग कुठे गेली, कोणती खिडकी लोकांनी कायमची बंद करून टाकली, हे लिहून सहकाऱ्यांपुढे वाचावं. डॉक्टर आपल्या फसलेल्या केसवर एकमेकांत चर्चा करतात. आम्ही फक्त पूर्णत्वाच्या दिवशीचे फोटो दाखवतो.

आणि हे मराठीत व्हावं. संहिता आम्ही इंग्रजीत वाचतो आणि गवंड्याशी मराठीत बोलतो. या दोन भाषांच्या मधल्या फटीत कितीतरी नियम पडून जातात. परभणीचा, गडहिंग्लजचा, सावंतवाडीचा आर्किटेक्ट मुंबईला चार दिवस राहून शिकेल ही अपेक्षा चूक आहे. शिक्षण तालुक्याला यायला हवं, आणि त्याच वर्गात आर्किटेक्टच्या शेजारी मुकादम बसायला हवा. आजच्या आपल्या आर्किटेक्टांच्या राष्ट्रीय संस्थेची सुरुवात १९१७ साली मुंबईत झाली, तेव्हा तिचं नावच होतं आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन. विद्यार्थ्यांची संघटना. त्या नावातला विद्यार्थी परत आणायला कोणताही कायदा अडवत नाही.

*

वाईच्या त्या साइटवर मी आकडा दुरुस्त केला. आर्किटेक्टनी गोणी उलटून पाहिली, फोनवर संहिता उघडली आणि मुकादमाला म्हणाले, "चौदा दिवस. वाफे करून पाणी भरून ठेवा." मुकादमानं मान हलवली. मग तो खाली उभ्या असलेल्या कॉलमांकडे बघत राहिला. आदल्या आठवड्यात भरलेले ते कॉलम उन्हात पांढरे पडले होते. स्लॅबवर पाणी साठून तरी राहतं. कॉलमवर सकाळ-संध्याकाळ पाइपानं शिंपडतात आणि ते अर्ध्या तासात वाळतं.

"मग साहेब," तो म्हणाला, "यांचं काय करायचं?"

आर्किटेक्टनी काही क्षण उत्तर दिलं नाही. मग बाह्या वर करून त्यांनी कोपऱ्यातलं गोणपाट उचललं, पिंपात बुडवलं आणि पहिल्या कॉलमला स्वतः गुंडाळायला घेतलं. सुतळी आणायला मुकादमाचा मुलगा धावला.